नागपूरचे ऊन आणि शिजवलेले अन्न

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर जात असताना वाळवणाला गरम हवा फिरवून अन्न सुकवणारे यंत्र (डिहायड्रेटर) कशाला, असे काहींचे म्हणणे असते. हा मुद्दा कुरडया, मुंगवड्या, गवार आणि कैरीच्या फोडी यांच्यापुरता मला पूर्ण मान्य आहे. परंतु मेळघाटच्या मुक्कामासाठी शिजवलेला वरणभात वाळवायचा असेल, तर केवळ गच्चीवरच्या उन्हावर विसंबू नये. काही जिवाणूंचे बीजाणू (उष्णता सोसणारे त्यांचे सुप्त रूप) भात शिजवल्यावरही तग धरतात आणि अन्न तासन्‌तास ओलसर, कोमट राहिले की वाढू लागतात. त्यातून तयार होणारे एक विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. म्हणून शिजवल्याबरोबर पातळ थर पसरून, साधारण ६० अंशांच्या फिरत्या गरम हवेत अन्न कडकडीत सुकवावे. फोडणी मात्र मुक्कामावरच द्यावी, कारण तेल सुकत नाही, ते खवट होते.

साठवणीच्या भाज्या व फळे वाळल्यावर लगेच डब्यात दाबून भरू नयेत (ही घाई सर्रास होते). काचेची बरणी दोन तृतीयांश भरून आठवडाभर रोज हलवावी. आत बाष्प दिसल्यास पुन्हा सुकवावे, बुरशी दिसल्यास सगळेच टाकून द्यावे.