ब्रेकचा आवाज : नुसते पॅड बदलायचे की डिस्कसकट? मदत हवी आहे (नाशिक)

नमस्कार मंडळी,

गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, ६१,००० किमी झालेत. पुढे डिस्क ब्रेक (चाकासोबत फिरणारी चकती आणि तिला दोन्हीकडून दाबणारे पॅड), मागे ड्रम ब्रेक. पुढचे पॅड ३४,००० किमीला बदलले होते, त्यानंतर ब्रेकला कुणी हात लावलेला नाही.

गेल्या रविवारी आईला घेऊन सप्तशृंगी गडावर गेलो होतो. नांदुरीहून चढताना काहीच जाणवलं नाही. उतरताना तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर पुढून, डाव्या अंगाने, बारीक किर्रर्र सुरू झालं. पाऊस उघडला होता, काचा खाली होत्या, आधी वाटलं रातकिडेच आहेत. पण गाडी थांबली की आवाज थांबायचा, चाक फिरलं की पुन्हा सुरू. इंदिरानगरला घरी पोचेपर्यंत ब्रेक न दाबताही वाजत होतं. गंमत म्हणजे ब्रेक दाबला की आवाज जवळजवळ जातो!

शिवाय पावसाळा लागल्यापासून सकाळी पार्किंगमधून गाडी काढली की पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर होते. हे दोन्ही एकच दुखणं आहे का, ते कळत नाही.

सर्व्हिस सेंटरला दाखवली. चाक न खोलताच त्यांनी पॅड आणि दोन्ही डिस्क मिळून ९,८०० चं एस्टिमेट हातात दिलं. घराजवळचा गॅरेजवाला म्हणतो, "पॉलिश पेपर मारून देतो, ३०० द्या." एक ९,८०० सांगतो, दुसरा ३००. कुणाचं ऐकायचं?

मी स्वतः व्हील कव्हर काढून मोबाईलच्या टॉर्चने फटीतून पाहिलं. बाहेरच्या बाजूचा पॅड चांगला ६-७ मिमी शिल्लक दिसतो. डिस्क चकचकीत आहे, फक्त कडेला थोडी उभी धार आलीय, नख अडकतं. पॅड इतका शिल्लक असताना आवाज का यावा?

घाई अशासाठी की येत्या शनिवारी आईला डोळे दाखवायला मुंबईला न्यायचंय. कसारा घाट उतरायचा आहे आणि मागच्या सीटवर ती असणार. पैसे लागले तर लागू देत, पण नेमकं काय बिघडलंय ते समजून घेऊन खर्च करायचा आहे.

प्रतिसाद १

डिस्कवर थोडा गंजरोधक स्प्रे मारून बघा. माझ्या बाइकच्या चेनचा आवाज त्यानेच गेला.

प्रतिसाद २

वरचा सल्ला कृपया कुणीही पाळू नका. तेलकट काहीही डिस्कला लागलं की पॅड ते शोषून घेतो आणि ब्रेक लागायचाच बंद होतो. चेन आणि ब्रेक यांची कामं एकमेकांच्या उलट आहेत.

आता मूळ प्रश्न. तुमचे आवाज दोन आहेत, एक नाही. सकाळची खरखर म्हणजे रात्रीच्या दमटपणाने डिस्कवर चढलेला गंज. डिस्क बिडाची असते, एका रात्रीत तांबूस होते आणि दोन-तीन ब्रेकमध्ये पुसली जाते. त्याकडे लक्ष देऊ नका.

किर्रर्रकडे मात्र द्या. पॅडला एक छोटी लोखंडी पत्ती असते. पॅड झिजून साधारण २-३ मिमीवर आला की ती डिस्कला टेकते आणि वाजायला लागते. ती मुद्दाम त्यासाठीच दिलेली असते. चालताना वाजणं आणि दाबल्यावर आवाज बदलणं किंवा थांबणं ही तिचीच खूण.

तुम्ही पाहिला तो बाहेरचा पॅड. आतला दिसतच नाही! तुमच्यासारख्या गाड्यांत पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड ढकलतो, मग अख्खा कॅलिपर (पॅड आणि पिस्टन धरून ठेवणारा सांगाडा) दोन पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना चिखलपाण्याने जाम झाल्या की कॅलिपर सरकत नाही आणि सगळा भार आतल्या पॅडवर येतो. चाक खोलायला लावा आणि समोर उभे राहा. पिना हाताने सरकतात का, ते स्वतः बघा. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती मोजायला सांगा. मोजल्याशिवाय डिस्क बदलायला हो म्हणू नका. उलट आतला पॅड संपला असेल तर पॉलिश पेपर मारून चार दिवस ढकलणं घाटात महागात पडेल. कर्रकर्र असा जाड आवाज यायला लागला तर लोखंडावर लोखंड घासतंय असं समजा आणि गाडी तिथेच उभी करा.

प्रतिसाद ३

दादा, ब्रेक ऑइल कधी बदललंय? ते हवेतलं पाणी ओढतं, आणि लांब उतारावर तापून उकळलं की पेडल मऊ पडतं. दोन वर्षं झाली असतील तर लगे हात बदलून घ्या. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. पूर्ण उतारभर ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत होतात, मग तेही किंचाळतात.

धागाकर्ता (अपडेट)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तिसऱ्याच एका गॅरेजमध्ये चाक खोलून घेतलं. बाहेरचा पॅड ७ मिमी, आतला जेमतेम २! खालची पिन हलेना. तिच्यावरचं रबर फाटलेलं होतं आणि आत तपकिरी चिखल वाळून दगड झालेला. वरची पिन बोटाने सरकत होती. दोन्ही पिना साफ करून ब्रेकचं ग्रीस लावलं, रबर नवीन टाकलं, दोन्ही बाजूंचे पॅड बदलले. डिस्कवर किमान १५.५ मिमी कोरलेलं होतं, व्हर्नियर लावल्यावर १६.४ भरली. तेव्हा डिस्क तीच ठेवली. ब्रेक ऑइलही बदललं. सगळं मिळून ३,४५०.

मिस्त्रींनी नवे पॅड बसायला म्हणून गंगापूर रोडच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगातून आठ-दहा वेळा हळूहळू ब्रेक मारायला लावला. जुना आतला पॅड मी मागून घेतलाय, ती वाजणारी पत्ती झिजून आरशासारखी झालीय. आईलाही दाखवली.

धागाकर्ता (रविवार)

कसारा उतरून आलो. अर्धा घाट तिसऱ्या गिअरमध्ये, काचा खाली ठेवून, कान लावून. पुढून काहीही आवाज नाही. आज सकाळी पार्किंगमधून काढताना खरखर झाली, पहिल्या सिग्नलपर्यंत गेली.