मशीन आलं तेव्हा तुमच्या घरात काय झालं? अनुभव सांगा

लातूरची लेक
दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावर आईचं सूप सापडलं, अन् हातातलं काम सोडून तिथंच बसले. आई डाळ मिलमध्ये निवडायला जायची. दहाएक बायका ओळीनं बसून काळे दाणे, खडे, सालपट काढायच्या. मग मालकानं कलर सॉर्टर आणलं. दाणे वरून घसरत येतात, कॅमेरा एकेक दाणा बघतो, काळा दिसला की हवेच्या फटक्यानं बाजूला उडवतो. पंधरा दिवसांत ओळ उठली.

आई राहिली. का, तर ती रिजेक्टच्या पोत्यात हात घालून सांगायची, ह्यात चांगली डाळ चाललीय. काचेवर भुकटी बसली की मशीनला सगळंच काळं दिसतं, हे ऑपरेटरच्या आधी तिला कळायचं. तूर आली की एक दाणा दाताखाली फोडायची, कट् वाजला तर वाळलेली, चिवट लागला तर ओली. मॉइश्चर मीटर नंतर लावायचे. पण ज्या बायका गेल्या त्यांचं नाव ती शेवटपर्यंत काढायची. शेजारची मावशी परत खुरपायला गेली.

आता माझ्या ऑफिसात एआय आलंय, मी अकाउंट्सला आहे, रात्री झोप लागत नाही. तुमच्याकडं काय झालं सांगा. मोठं लिहा, तोडकंमोडकं लिहा, चालतंय.

वाळूजवाला
ताई, वाचून गलबलून आलं. मी स्पॉट वेल्डिंगच्या लाईनवर गन धरायचो, सहा वर्षं, खांदा भरून यायचा. रोबोट आले तेव्हा सुपरवायझर म्हणला पेंडंट, म्हणजे रोबोटला शिकवायचा हातातला रिमोट, शिकतो का, शिकलो, ड्युटी सुटल्यावर दोन-दोन तास थांबून. आमच्या लाईनचा रोबोट शिकवलेल्या पॉइंटलाच जातो, पत्रा फिक्स्चरमध्ये, म्हणजे धरायच्या साच्यात, दोन मिलिमीटर सरकला तरी तिथंच मारणार. गनची टिप, म्हणजे टोक, घासली की आवाज बदलतो, ठिणग्या वाढतात, ते मला लांबून कानानं कळतं. पण माझ्यासोबतच्या कॉन्ट्रॅक्टवरच्या चौघांना कुणी विचारलंच नाही शिकता का म्हणून. ते लई लागतं मनाला.

परभणीकर
सूप जपून ठेवा ताई, आता असं हातचं मिळत नाही. तुरीला काय भाव चाललाय तिकडं? वीस पोते जुनी तूर पडून आहे घरात.

नांदेडचे काका
मी हैदराबाद बँकेत लागलो १९८६ ला. त्याच्या दोनच वर्षं आधी बँकांत कॉम्प्युटर आणायचा डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आलेला, त्यामुळं कॉम्प्युटर येणार, नोकऱ्या जाणार, हेच बोलणं चहाला. आम्ही घोषणा पण दिल्या. जून-डिसेंबरला हातानं व्याज काढायचं, रात्र रात्र बॅलन्सिंग, दहा पैशाचा फरक निघाला तरी घरी जायचं नाही. मशीननं त्या रात्री नेल्या त्याचं मला जराही दुःख नाही. मला ठेवलं ते माणसं ओळखण्यानं. पेन्शनच्या विड्रॉलवरची सही थरथरलेली दिसली की विचारायचो, मामा तब्येत बरी हाय का, पैसे कुणाला पाहिजेत. दोनदा तरी पोरांनी दटावून सही घेतलेली निघाली. २००१ ला व्हीआरएसमध्ये, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीत, बरोबरीचे लई जण गेले, मी थांबलो. पुढं १ एप्रिल २०१७ ला आमची बँकच स्टेट बँकेत विलीन झाली, तोवर मी घरी.

अंबाजोगाई
आमचे हे एसटीत कंडक्टर. आधी तिकिटाचा ट्रे अन् पंच, मग मशीन. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं अन् गाडीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. तिकीट मशीन देतं हो, पण म्हातारी चुकीच्या फाट्यावर उतरायला लागली तर हेच ओरडतात "आजी, पुढचं हाय तुमचं!" पोळ्या करता करता लिहायलेय, नंतर येते.

जालना
सगळ्यांनी "शिकलं की टिकतं" असं लिहू नका, विनंती आहे. माझे वडील छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. उलटा मजकूर सरळ मजकुरासारखा वाचायचे, बोटांना शिशाचा काळा रंग कायमचा. डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची जुळणी, आली तेव्हा पन्नाशी उलटलेली. रोज सायकलवर क्लासला गेले, वहीत कीबोर्डचं चित्र काढून पाठ केलं. डोळ्यांनी साथ दिली नाही. छापखाना बंद झाला. शिकायची तयारी नव्हती असं कुणी त्यांच्याबद्दल म्हणलं तर मला सहन होत नाही.

लातूरची लेक
जालनाभाऊ, मी तसं म्हणणार नाही. आईच्या ओळीतल्या बायकांनाही डोळे होतेच की.

वाळूजवाला
ती वही आहे का अजून?

जालना
आहे. देव्हाऱ्याखाली.

वसमतचा सेतूवाला
सातबारा काढून द्यायचा हा माझा धंदा. आता डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मोबाईलवर निघतो, मला वाटलं दुकान बसलं. पण लोक तोच कागद घेऊन येतात अन् म्हणतात, इतर हक्कात काय लिहिलंय वाचून सांग, पोटखराबा म्हणजे काय, माझं क्षेत्र कमी कसं दिसायलंय. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून पिकाची नोंद, आल्यावर तर बांधावर जाऊन फोटो काढायला शिकवलं अर्ध्या गावाला. आधी कागद काढायचे पैसे घ्यायचो, आता समजावून सांगायचे घेतो.

लातूरची लेक
हे वाचून आज मुद्दाम बघितलं. आमचं सॉफ्टवेअर आडतीच्या पट्टीचा, म्हणजे माल विकल्याच्या हिशेबाच्या कागदाचा, फोटो वाचून नोंद करतं, तर हमाली अन् तोलाई दोन्ही गाडीभाड्यात टाकलीय, चार महिन्यांपासून. सगळ्या पट्ट्या काढून बसलेय. परभणीकर, भाव उद्या विचारून सांगते.

अंबाजोगाई
आले परत. सेतूवाले दादा, माझ्या आत्याच्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा अजून दिसायलाय, कर्ज दोन वर्षांखाली फेडलं. आपोआप जात नाही का?

वसमतचा सेतूवाला
नाही ताई. सोसायटीकडून बेबाकी, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला, घ्या, ती जोडून तलाठ्याकडं अर्ज द्या, बोजा कमी केल्याचा फेरफार पडतो मग. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. लिहायला जमलं नाही तर आत्याला फोन जोडून द्या, मी सांगतो, दहा वाजता उघडतो.