किरकोळ चोरी, गंभीर मानसिक आजार आणि शिक्षा

प्रश्न (म्हापसा): माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या सुटल्यावर त्याने बाजारात दोन नारळ उचलले आणि दुकानदार ओरडला तरी ते छातीशी धरून तिथेच उभा राहिला. गुन्हा कबूल केल्यास त्याला तुरुंगात जावे लागेल का?

उत्तर : ताई, कबुलीची घाई कृपया करू नका. त्या क्षणी कृत्याचे स्वरूप कळण्याची क्षमताच नसेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ खाली तो गुन्हा ठरत नाही. मात्र केवळ निदानाचा कागद पुरत नाही, तेव्हाची मनोवस्था सिद्ध करावी लागते.

उत्तर : दोषी ठरला, तरी पहिलाच गुन्हा असल्यास १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या अटीवर सुटका) कायद्याखाली न्यायालय समज देऊन सोडू शकते. बांबोळीच्या मनोरुग्णालयातील केसपेपर वकिलांना आजच द्या.

प्रश्नकर्ती : केसपेपर सापडले. आईने ते देव्हाऱ्याखाली जपून ठेवले होते.