मदत हवी आहे: चांगली चाल सापडली, आता खेळू की आणखी शोधू?

मंडळी, बुद्धिबळात क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचे डाव खेळणाऱ्यांकडून सल्ला हवाय. आमच्या स्पर्धांत पहिल्या ४० चालींना ९० मिनिटं, मग ३० मिनिटं आणि सुरुवातीपासून दर चालीला ३० सेकंद वाढीव असतात. तरी डावाच्या मध्यावरच मी टाइम ट्रबलमध्ये असतो, म्हणजे घड्याळात वेळ संपत आलेला असतो. चाल लवकर सुचते, पटतेही, पण याहून सरस काही असेल तर, या विचारानं हात पुढे जात नाही.

परवाच्या डावात डी फाईल, म्हणजे पटावरचा डी हा उभा रकाना, मोकळी होती. पांढऱ्याचा हत्ती डी१ वर आणणं सरळ होतं. पण घोडा डी५ वर घुसवला तर काय, हे बघण्यात माझा बराच वेळ गेला आणि शेवटी हत्तीच खेळलो. नंतर इंजिननं, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणकी प्रोग्रामनं, दोन्ही चाली जवळपास सारख्याच ठरवल्या.

मग पहिली बरी चाल खेळून मोकळं व्हावं, तर तेही पटत नाही. २००८ साली बिलालिच, मॅक्लाउड आणि गोबे यांनी बुद्धिबळपटूंच्या नजरेचा माग घेऊन प्रयोग केला होता. पटावर घोड्याची ओळखीची कोंडमात (स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजावर घोड्यानं केलेली मात) होती आणि तिच्याहून कमी चालींत होणारी दुसरी मातही होती. चांगल्या खेळाडूंना ओळखीचीच दिसली. आम्ही दुसरी शोधतोय असं ते सांगत होते, पण नजर ओळखीच्या चालींच्या घरांवरच फिरत होती. म्हणजे जास्त वेळ बसणं हा उपाय नाही. थांबायचं कधी आणि शोधायचं कसं, हे कुणी नीट सांगेल का?

प्रतिसाद: आधी स्थिती बघा. दोन्ही बाजूंचे शह, मोहरी मारण्याच्या चाली आणि धमक्या तपासा. त्यात काही सापडलं, किंवा एखादा राजा उघडा असला, तर वेळ खर्च करा. प्यादं पुढे ढकलतानाही करा, ते मागे येत नाही. बाकी शांत स्थितीत बरी चाल बिनधास्त खेळा. शोधायचंच असेल तर सुचलेली चाल पटावर बेकायदा आहे असं धरा आणि मग दुसरी काय खेळाल ते बघा. नजर आपोआप हलते. आणि त्या डावात काळ्याला प्यादं सी६ वर आणून डी५ वरचा घोडा हाकलता येत होता का? पूर्ण स्थिती टाका, मग नेमकं बोलता येईल.