घंटागाडीच्या ठेक्याला मुदतवाढ: देयकं तपासताना नेमकं काय बघायचं?

प्रभाग_सात
लोकसंख्या सुमारे ६०,००० असलेली नगरपरिषद. घरोघरचं संकलन, वाहतूक आणि डेपोवरची प्रक्रिया एकाच ठेकेदाराकडे आहे, देयक प्रति टन. मुदतवाढीचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत आहे. टिपणीत रोजची सरासरी २३ टन दाखवली आहे आणि जीपीएसचे अहवालही जोडलेत. कागद जागच्या जागी आहेत, पण आकडा पटत नाही. सुरुवात कुठून करावी?

भुईकाटा
२३ टन म्हणजे माणशी ३८० ग्रॅम झाले. लहान शहरात हा आकडा साधारण २०० ते ३०० ग्रॅम असतो, म्हणजे तुमच्याकडे १२ ते १८ टन. मोठा भाजीबाजार असेल तर थोडा चढेल, पण त्याचं कारण टिपणीत लिहिलेलं असायला हवं.

पुढचं काम पावत्यांचं. मे आणि ऑगस्ट, दोन्ही महिन्यांच्या सगळ्या वजनपावत्या मागवा, गोषवारा नको. छोट्या घंटागाडीची पेटी साधारण १.८ घनमीटरची. मिश्र कचरा घनमीटरला ४०० ते ५०० किलो भरतो, म्हणजे काठोकाठ भरूनही ७०० ते ९०० किलो. पावतीवर १,३०० किलो दिसले तर पेटीत राडारोडा आहे किंवा काट्यावर गडबड आहे. रिकाम्या गाडीचं वजन दर खेपेला घेतात की एकदाच नोंदवलेला आकडा छापला जातो, हेही बघा. भरलेल्या गाडीसोबत तीन माणसं काट्यावर चढली आणि रिकाम्या वजनात ती धरलेली नसली, तर खेपेमागे दीड-दोनशे किलो फुकट वाढतात. एकाच काट्यावर एकाच मिनिटाला दोन गाड्यांच्या पावत्या निघाल्या असतील, तर पुढे बोलायलाच नको.

पावसाळ्यात उघड्या गाडीतलं पाणीही आपण टनाच्या दराने विकत घेतो. ताडपत्रीचं कलम करारात असतं, दंड मात्र कधी लावलेला नसतो.

ओला_सुका
काटा दुरुस्त केला तरी दुखणं राहणारच, कारण ते देयकाच्या पद्धतीत आहे. मिश्र कचऱ्याच्या टनाला पैसे मिळत असतील तर ठेकेदाराने वर्गीकरण का करावं? सुका कचरा हलका, वेगळा ठेवला की गाडी लवकर भरते आणि खेपा वाढतात. त्यापेक्षा संकलनाचे पैसे घरटी द्या आणि प्रक्रियेचे वेगळे, बाहेर पडलेल्या मालावर.

प्रक्रियेचा ताळा सोपा आहे. ओल्या कचऱ्यातून वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के खत निघतं. रोज ८ टन ओला कचरा दाखवला असेल तर १.२ ते १.६ टन खत दिसलंच पाहिजे: विक्रीच्या पावतीत, नाहीतर गोदामात. दोन्हीकडे नसेल तर तो कचरा डेपोच्या मागच्या ढिगावर गेला.

प्रभाग_सात
घरटी पैसे दिले तर अर्ध्या गल्ल्या वगळून पूर्ण बिल लावतील ना? आणि सुक्या कचऱ्याचं उत्पन्न कोणाचं?

भुईकाटा
म्हणून तर जीपीएस पुरेसं नाही. गाडी रस्त्यावरून गेली एवढंच ते सांगतं, थांबली का ते वेगाच्या नोंदीत शोधावं लागतं. ४० घरांची गल्ली चार मिनिटांत संपली असेल तर गाडी नुसती भोंगा वाजवत गेली. घरावर क्यूआर लावा, पण स्कॅनची वेळही तपासा. कोडचे फोटो काढून एका जागी बसून स्कॅन करतात. मुकादमाने रोज २० घरांना अचानक फोन लावणं जास्त कामाचं.

ओला_सुका
उत्पन्नाचं करारात लिहिलेलं नसेल तर पुठ्ठा आणि बाटल्या गाडीवरच वेगळ्या होतात आणि नगरपरिषदेकडे फक्त वेफर्सची पाकिटं येतात. पुण्यात ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या व्यवस्थेत भंगाराचं उत्पन्न कचरावेचकांचंच असतं आणि शुल्कही ते घरोघरून घेतात. मला तेच बरोबर वाटतं. फक्त निविदेत ते उघड लिहा, म्हणजे दर त्या हिशेबाने येतील.

उरलेल्या पाकिटांचा खर्च विसरू नका. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत किलोला १,५०० किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्मांक असलेला, पुनर्वापर न होणारा कचरा भरावभूमीत टाकायला मनाई केली होती. तो सिमेंट कारखान्याकडे इंधन म्हणून पाठवायचा तर गठ्ठे बांधणं आणि वाहतूक कोण करणार, हे आधी ठरवा. विदर्भात चंद्रपूरकडचे कारखाने त्यातल्या त्यात जवळ. इतरत्र भाडंच जड जातं.

आस्थापना_विभाग
मूळ निविदेत मुदतवाढीचं कलम आहे का, हे सर्वांत आधी बघा. शिवाय शेवटचं देयक सोडण्यापूर्वी कामगारांची भविष्य निर्वाह निधीची चलनं नावानिशी हजेरीपटाशी जुळवा. हजेरीवर ६० जण आणि चलनात ३५, असं असेल तर मुख्य मालक (ठेकेदारामार्फत काम करून घेणारी संस्था) म्हणून ती थकबाकी नगरपरिषदेच्याच गळ्यात येऊ शकते.