मंगलाष्टक स्वतः लिहिताना

नातेवाइकांच्या नावांची यादी नको, वधू-वर दोघांच्या ट्रेक-कॉफीच्या आवडी मंगलाष्टकांत हव्यात, हा तुमचा विचार छानच. पण नेहमीची चाल ठेवायची तर शार्दूलविक्रीडित हे वृत्त पाळावं लागेल: ओळीत १९ अक्षरं, गण (लघु म्हणजे आखूड आणि गुरू म्हणजे लांब उच्चाराच्या अक्षरांचे तीन-तीनचे गट) म स ज स त त, शेवटी एक गुरू (ग), १२व्या अक्षरानंतर यती, म्हणजे थांबा. उदाहरणार्थ:

दोघांना गडवाट नित्य सुखवी, कॉफी हवी सोबती

चौथ्या ओळीत फक्त पहिली १२ अक्षरं तुमची. 'कुर्यात् सदा मंगलम्' ही उरलेली ७ बरोबर बसतात.

गडबड होते ती यतीवर. शब्द तिथे तुटला की गाणारी आत्या अर्ध्या शब्दावर श्वास घेते आणि मांडवात हशा! दुसरी चूक अक्षरं बोलण्यातल्या उच्चाराने मोजायची. 'गडवाट'मधला ड आपण पाय मोडून म्हणतो, वृत्तात तो पूर्ण लघु. 'ट्रेकिंग' (गा गा ल, म्हणजे गुरू-गुरू-लघु, हाच त-गण) यतीनंतरच्या दोन त-गणांपैकी एकात टाका, सुरुवातीला अजिबात नाही. तिथे सलग तीन गुरू लागतात.

आठांचा हट्ट नको, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून येतात. चार पुरे. गाणाऱ्यांना मोठ्या टायपात, यतीपाशी उभी रेघ मारून कागद द्या. मोबाइलची स्क्रीन नेमकी तेव्हाच बंद पडते.