गाठीचा रक्तपुरवठा तोडणारं इंजेक्शन, मग केमो आत पोचते कशी?

सिडकोकर
मावशीला मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, लिव्हरवर पसरलाय. ट्रीटमेंट इथेच नाशिकला चालू आहे. आता डॉक्टर केमोसोबत बेव्हासिझुमॅब द्यायचं म्हणतायत, गाठीचा रक्तपुरवठा तोडतं म्हणे. पण रक्तच बंद झालं तर केमोचं औषध गाठीपर्यंत जाणार कसं? ओपीडीत इतकी गर्दी होती की विचारायचं राहूनच गेलं, कोणाला माहीत असेल तर सांगा प्लीज.

नाशिकरोड_बायो
शंका अगदी रास्त आहे. १९७१ मध्ये बोस्टनच्या डॉ. ज्यूडा फोकमन यांनी मांडलं की स्वतःच्या रक्तवाहिन्या मिळाल्या नाहीत तर गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे फारशी वाढत नाही. मग गाठ व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन सोडते आणि जवळच्या वाहिन्यांना नवीन फांद्या फुटतात, पण त्या छाटणीनंतर विरळणीच न केलेल्या द्राक्षबागेसारख्या, नुसती गिचमिड. आतल्या अस्तराच्या पेशी एकमेकींना नीट चिकटलेल्या नसतात, फटींतून पाणी झिरपतं, गाठीत प्रेशर वाढतं आणि औषध आत शिरतच नाही. कॅन्सरच्या पेशी रक्तात उतरून लिव्हर-फुप्फुसात जातात त्याही असल्याच गळक्या जागांतून. बेव्हासिझुमॅब व्हीईजीएफला पकडून ठेवतं. बोस्टनचेच कॅन्सर संशोधक राकेश जैन यांचं म्हणणं असं की त्यामुळे काही काळ उरलेल्या वाहिन्या जरा सुधारतात आणि केमो उलट जास्त आत पोचते. म्हणून दोन्ही सोबत.

पंचवटी४२२००३
वरच्यात एक भर घालते, कारण हे फार कमी जण सांगतात. अस्तराच्या या पेशी म्हणजे नुसता पाइप नाही हो, त्या स्वतः केमिकल सिग्नल सोडतात, काही सिग्नलने कॅन्सरच्या पेशी तगतात, वाढतात. आणि आपल्या टी-पेशींना (कॅन्सरशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) रक्तातून गाठीत उतरायला वाहिनीच्या भिंतीवर जे चिकट रेणू लागतात ते इथे व्हीईजीएफमुळे कमी होतात, म्हणजे प्रतिकारशक्ती दारातच अडते. म्हणूनच लिव्हरच्या कॅन्सरमध्ये (लिव्हरमध्येच सुरू झालेल्या, मावशींची केस वेगळी) २०२० पासून इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध जागं करणारं औषध) आणि बेव्हासिझुमॅब जोडीने देतात.

गंगापूररोड
वडिलांना हे चालू होतं. बीपी वाढतं, घरी मशीन ठेवा आणि वहीत लिहा. लघवीतलं प्रोटीन तपासतात. जखम भरायला वेळ लागतो, त्यामुळे कुठलंही ऑपरेशन, अगदी दात काढायचा असला तरी आधी ऑन्कोलॉजिस्टला विचारा. शौचातून रक्त किंवा अचानक जोरात पोट दुखलं तर रात्र असली तरी थांबू नका.

सिडकोकर
खूप आभार सगळ्यांचे. मावशीची दाढ काढायची ठरलीये पुढच्या आठवड्यात!! आत्ताच डॉक्टरांना फोन लावतो.